गिटच्या ब्रँचेस कमांड लाइनवरून: कुठून सुरुवात करायची आणि कुठे पाय घसरतो

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला, "ताई, मी ब्रँच उडवली, चार दिवसांचं काम गेलं, उद्या सबमिशन आहे." काम गेलेलं नव्हतं, दहा मिनिटांत परत आलं, ते कसं ते शेवटी सांगते. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी पण सुरुवातीचं वर्षभर अशीच घाबरत घाबरत गिट (प्रोजेक्टच्या फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ब्रँच म्हणजे त्यातली कामाची एक वेगळी वाट) वापरायचे, चारपाच कमांडी वहीत लिहून ठेवलेल्या आणि त्यातली एक चालली नाही की शेजारच्या डेस्कवरच्या माणसाकडे केविलवाणं बघायचं. म्हणून मग पुढच्या रविवारी त्याला सगळं पहिल्यापासून फोनवर सांगितलं, तेच इथे लिहितेय.

फोनवर सांगितलेलं असल्यामुळे कमांडी पण उच्चाराप्रमाणे देवनागरीतच आहेत, टर्मिनलमधे (कमांडी द्यायच्या खिडकीत) टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. एक आडवी रेघ म्हणजे एक हायफन, दोन रेघा म्हणजे दोन हायफन, मधे स्पेस नाही. जिथे कॅपिटल लिहिलंय तिथे खरंच कॅपिटल, कारण गिटमधे छोटा डी आणि मोठा डी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

० . काय काय लागेल

- गिट, व्हर्जन २.२३ किंवा त्याच्या पुढचं. 'गिट --व्हर्जन' टाकून बघा. हा आकडा अशासाठी की 'स्विच' ही कमांड २०१९ च्या ऑगस्टमधे २.२३ बरोबर आली, त्याआधी सगळं 'चेकआउट'वरच चालायचं. जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर त्यात चेकआउटच दिसेल, गोंधळू नका.
- टर्मिनल. विंडोजवर गिट टाकलं की सोबत गिट बॅश मिळतं, ते बरं, कारण त्यात तुम्ही कुठल्या ब्रँचवर आहात ते प्रत्येक ओळीवर कंसात दिसत राहतं. फक्त त्यात कंट्रोल-व्ही ने पेस्ट होत नाही, शिफ्ट-इन्सर्ट दाबायचं. हे मला कळायला दोन आठवडे लागले, सांगायला लाज वाटते.
- नाव आणि ईमेल सेट केलेलं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर डॉट नेम' आणि तसंच 'युजर डॉट ईमेल'.
- स्वतःला झेपणारा एडिटर. मर्ज (दोन ब्रँचेसचं काम एकत्र) करताना गिट अचानक एडिटर उघडतं आणि तो बहुतेक वेळा व्हिम असतो, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे माहीत नसल्यामुळे आख्खी टर्मिनल विंडो बंद करणारे लोक मी बघितलेत. अडकलातच तर एस्केप दाबा, मग कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. नाहीतर आधीच 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर डॉट एडिटर नॅनो' करून टाका.
- सरावासाठी एक रिकामं फोल्डर. त्यात 'गिट इनिट' करा आणि तिथे हवा तेवढा राडा करा, ऑफिसच्या रेपोवर (गिटमधे ठेवलेल्या प्रोजेक्टवर) शिकू नका.

फाइलींची नावं मराठीत असतील तर स्टेटसमधे नावाच्या जागी बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४ असली आकड्यांची माळ दिसते. फाइल खराब झालेली नाही. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर डॉट कोटपाथ फॉल्स' केलं की नावं नीट दिसतात.

१ . आधी फांदी डोक्यातून काढा

ब्रँच म्हणजे झाडाची फांदी, असं सगळे शिकवतात, आणि मला वाटतं निम्मी भीती तिथूनच येते. फांदी तोडली की तिच्यावरची पानं, फळं सगळं गेलं, असंच आपल्याला वाटणार ना. आमच्याकडचे एक सीनियर आधी एसव्हीएनवर (गिटसारखंच एक जुनं सॉफ्टवेअर) काम केलेले, त्यांच्या डोक्यात ब्रँच म्हणजे आख्ख्या फोल्डरची कॉपी, कारण तिथे ती तशीच वेगळ्या फोल्डरसारखी दिसते.

गिटमधे ब्रँच म्हणजे एक चिठ्ठी. बस. तुमचे कमिट (जतन केलेल्या बदलांच्या नोंदी) हे रेल्वेच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात, प्रत्येक डब्याला आपल्या मागचा डबा माहीत असतो, आणि ब्रँच ही सगळ्यात पुढच्या डब्यावर चिकटवलेली नावाची चिठ्ठी. नवीन कमिट केलं की नवीन डबा जोडला जातो आणि चिठ्ठी आपोआप त्याच्यावर सरकते. खोटं वाटत असेल तर सरावाच्या फोल्डरमधे एक कमिट करा आणि लपवलेल्या 'डॉट गिट' फोल्डरमधे 'रेफ्स' आणि त्यात 'हेड्स' उघडा, तिथे तुमच्या ब्रँचच्या नावाची एक छोटीशी टेक्स्ट फाइल असेल आणि तिच्यात फक्त ४० अक्षरांचा कमिटचा कोड. एवढीच ती ब्रँच! म्हणून गिटमधे ब्रँच बनवायला क्षणही लागत नाही, प्रोजेक्ट कितीही मोठा असो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मधे हे लिनक्स कर्नलसाठी लिहिलं, तिथे जगभरातून बदल येऊन एकत्र करायचे होते, तिथे ब्रँच महाग असून चाललंच नसतं.

आणि 'हेड' म्हणजे तुम्ही आत्ता कुठल्या चिठ्ठीपाशी उभे आहात ते. 'डिटॅच्ड हेड' असा मेसेज आला की लोक हादरतात, त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही चिठ्ठी नसलेल्या एखाद्या डब्यात जाऊन उभे आहात. बघून परत फिरा, किंवा तिथे काही काम केलंत तर त्याला लगेच चिठ्ठी लावा, म्हणजे पायरी ३.

२ . आपण कुठे आहोत ते बघा

गिट स्टेटस
गिट ब्रँच
गिट ब्रँच -व्हीव्ही

पहिली कमांड तर सवयच लावून घ्या, दारातून बाहेर पडताना किल्ली चाचपतो तसं काहीही करायच्या आधी स्टेटस. दुसरीत तुमच्या मशीनवरच्या ब्रँचेस दिसतात, ज्याच्यापुढे चांदणी ती तुमची चालू ब्रँच. तिसरीत प्रत्येक ब्रँच सर्व्हरवरच्या कुठल्या ब्रँचला जोडलीय आणि किती पुढे-मागे आहे ते दिसतं. सर्व्हरवरच्याही बघायच्या असतील तर 'गिट ब्रँच -ए'. यादी लांब असली तर टर्मिनल अडकल्यासारखं वाटतं, काही टाइप होत नाही. अडकलेलं नसतं, क्यू दाबा.

सर्व्हरवरची म्हणून जी 'ओरिजिन/मेन' (ओरिजिन म्हणजे सर्व्हर, मेन म्हणजे मुख्य ब्रँच) दिसते ती गिटने शेवटचं विचारलं तेव्हाची असते. तुम्ही सोमवारी फेच केलं (सर्व्हरवरचं ताजं मागवलं) असेल तर गुरुवारी पण ती सोमवारचीच दाखवणार. ताजी हवी असेल तर 'गिट फेच', याने तुमच्या फाइलींना हात लागत नाही, बिनधास्त करा.

३ . नवीन ब्रँच काढा

गिट स्विच मेन
गिट पुल --एफएफ-ओन्ली
गिट स्विच -सी लॉगिन-फॉर्म

जुन्या प्रोजेक्टमधे मेनच्या जागी मास्टर असेल. गिटहबने (गिटचे प्रोजेक्ट ठेवायची वेबसाइट) २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या रेपोंसाठी मेन केलं, आधीचे बरेच तसेच राहिले.

पहिल्या दोन ओळी (मेनवर जाणं आणि सर्व्हरवरचं ताजं त्यात ओढणं) लोक गाळतात आणि मग आठवडाभर शिळ्या मेनवर काम करतात आणि शेवटी कॉन्फ्लिक्टचा (एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा) ढीग निघाला की गिटला शिव्या. '--एफएफ-ओन्ली' का, तर तुमच्या मेनवर चुकून काही तुमचं पडलेलं असेल आणि सर्व्हरवरही नवीन काही आलं असेल तर ही कमांड नकार देते, गुपचूप मर्ज करत बसत नाही.

'-सी' म्हणजे क्रिएट, आणि लॉगिन-फॉर्म हे नमुन्यादाखल नाव. नुसतं 'गिट ब्रँच लॉगिन-फॉर्म' केलंत तर ब्रँच बनते पण तुम्ही आहात तिथेच राहता, आणि हा सापळा असा आहे की कमांड काही बोलत नाही, आपल्याला वाटतं झालं, आणि पुढचे तीन कमिट थेट मेनवर.

नावांबद्दल थोडं. स्पेस चालत नाही. तिरकी रेघ चालते, पण 'लॉगिन' नावाची ब्रँच आधीच असेल तर 'लॉगिन/फॉर्म' बनत नाही, कारण एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी शेजारी राहू शकत नाहीत. कॅपिटल-स्मॉलचा खेळ करू नका, लिनक्सवर त्या दोन वेगळ्या ब्रँचेस असतात पण विंडोज आणि मॅकवर सहसा त्यांची एकमेकींत मारामारी होते. मराठीत नाव द्यायचं तर गिटला काही अडचण नाही, मी गंमत म्हणून देऊन बघितलंय, पण टीममधल्या दुसऱ्याला ते टाइप करावं लागतं तेव्हा गंमत संपते. आणि नाव चुकलं तर 'गिट ब्रँच -एम नवीन-नाव', तुम्ही ज्या ब्रँचवर आहात तिचंच बदलतं.

४ . एका ब्रँचवरून दुसरीवर, हातात अर्धवट काम असताना

इथे सगळ्यात जास्त लोक गडबडतात. कमिट न केलेले बदल कुठल्याच ब्रँचचे नसतात. ते तुमच्या हातातली पिशवी असतात, तुम्ही खोली बदललीत की पिशवी तुमच्याबरोबर येते. म्हणजे लॉगिन-फॉर्मवर अर्धं काम केलं, कमिट नाही केलं आणि 'गिट स्विच मेन' केलं, तर ते अर्धं काम मेनवर पण दिसेल. नवीन माणूस म्हणतो, अरे माझे बदल दोन्हीकडे कसे गेले! कुठेच गेले नाहीत, पिशवी तुमच्या हातातच आहे.

आणि ज्या फाइलमधे तुमचे बदल आहेत तीच फाइल दुसऱ्या ब्रँचवर वेगळी असेल तर गिट अडवतं, 'युअर लोकल चेंजेस वुड बी ओव्हररिटन' असं काहीतरी लांबलचक म्हणतं. ते तुमच्या भल्यासाठीच अडवतंय. अशा वेळी नेटवर शोधून कुठलातरी फोर्सवाला उपाय मारू नका, खालच्या दोनपैकी एक करा.

एक, सरळ कमिट करा. मेसेज 'अर्धवट, नंतर बघते' असा असला तरी चालतो, आपल्याच ब्रँचवर आहे, कोण बघतंय. मी हेच करते.

दोन, स्टॅश, म्हणजे अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवणं.

गिट स्टॅश पुश -यू
(तिकडचं काम उरकून परत या)
गिट स्टॅश पॉप

'-यू' विसरलात तर नव्याने बनवलेल्या फाइली स्टॅशमधे जात नाहीत. आणि स्टॅश पण ब्रँचनुसार नसतो, एकच ढीग असतो, भलत्याच ब्रँचवर पॉप केलंत तर तिथे सांडणार. माझ्या स्टॅशमधे एकदा अकरा गोष्टी निघाल्या होत्या आणि त्यातल्या नऊ कशाच्या होत्या ते आजपर्यंत कळलेलं नाही.

जुन्या व्हिडिओत 'गिट चेकआउट' आणि पुढे एक टिंब दिसेल. ती कमांड फोल्डरमधले स्टेज न केलेले ('गिट अ‍ॅड' न केलेले) बदल न विचारता पुसते, आणि कमिट न केलेलं गिटला माहीतच नसतं त्यामुळे ते गिट परतही देऊ शकत नाही. चेकआउट ब्रँचही बदलायचं आणि फाइलीही पुसायचं, या झोलामुळेच तर स्विच आणि रिस्टोर अशा दोन वेगळ्या कमांडी काढल्या.

५ . चुकून मेनवर काम झालं तर

होतं. सगळ्यांचं होतं. कमिट केलं नसेल तर नुसतं 'गिट स्विच -सी लॉगिन-फॉर्म', पिशवीसकट नवीन ब्रँचवर.

कमिट केलं असेल पण पुश केलं (सर्व्हरवर पाठवलं) नसेल तर:

गिट स्विच -सी लॉगिन-फॉर्म
गिट ब्रँच -एफ मेन ओरिजिन/मेन

पहिल्या ओळीने तुमच्या कमिटवर नवीन चिठ्ठी लागली, दुसरीने मेनची चिठ्ठी उचलून सर्व्हरवाल्या जागी परत लावली. डबे जिथल्या तिथे. लोक याच्यासाठी 'रिसेट --हार्ड' सांगतात, त्यानेही होतं, पण हातात न कमिट केलेलं काही असेल तर ते पण जातं, म्हणून मी नवीन माणसाला ते सांगतच नाही.

पुशही करून बसला असाल तर स्वतः काही दुरुस्त करायला जाऊ नका, टीममधे बोला.

६ . सर्व्हरवर पाठवा

गिट पुश -यू ओरिजिन लॉगिन-फॉर्म

पहिल्यांदाच '-यू' लागतं, पुढे नुसतं 'गिट पुश'. दरवेळी नको असेल तर व्हर्जन २.३७ पासून 'पुश डॉट ऑटोसेटअपरिमोट' नावाचं सेटिंग आहे, ते ट्रू करा.

पासवर्ड मागितला आणि बरोबर टाकून पण नाही म्हणाला? गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलंय, टोकन (गिटहबवर बनवून घ्यायचा कोड) किंवा एसएसएच की (मशीनवर ठेवलेली ओळखीची किल्ली) लागते.

'रिजेक्टेड, नॉन-फास्ट-फॉरवर्ड' आलं तर अर्थ असा की सर्व्हरवरच्या त्या ब्रँचवर असे कमिट आहेत जे तुमच्याकडे नाहीत. 'गिट पुल --नो-रिबेस' करून ते आपल्यात घ्या आणि मग पुश करा. '--फोर्स' लावलंत तर दुसऱ्याचे डबे सोडून चिठ्ठी तुमच्या डब्यावर येते, आणि तो दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या डेस्कपाशी येतो. अगदीच गरज पडली तर '--फोर्स-विथ-लीज', तुम्ही शेवटचं बघितल्यानंतर कोणी काही टाकलं असेल तर ते निदान थांबतं.

७ . मर्ज आणि कॉन्फ्लिक्ट

बहुतेक ठिकाणी शेवटचं मर्ज गिटहबवर किंवा गिटलॅबवर बटण दाबून होतं, पण अधूनमधून मेनमधलं नवीन काम आपल्या ब्रँचमधे ओढून घ्यावं लागतं, ते कमांड लाइनवर:

गिट फेच
गिट मर्ज ओरिजिन/मेन

मर्ज नेहमी तुम्ही उभे आहात त्या ब्रँचमधे होतं. मेन माझ्यात, की मी मेनमधे, हा गोंधळ होणारच, म्हणून आधी स्टेटस.

एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर कॉन्फ्लिक्ट. फाइल उघडलीत की असं दिसतं:

<<<<<<< हेड
तुमची ओळ
=======
त्यांची ओळ
>>>>>>> ओरिजिन/मेन

यात काहीच भयंकर नाही, गिट विचारतंय की दोन्हीतलं काय ठेवू. तुम्हाला हवं ते ठेवा, कधी तुमचं, कधी त्यांचं, बऱ्याचदा दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी, आणि त्या तीन खुणांच्या ओळी पुसा. मग 'गिट अ‍ॅड' त्या फाइलीला आणि शेवटी 'गिट कमिट'. खुणा पुसायच्या राहिल्या तर गिट बहुधा तसंच कमिट करू देतं, ते तपासत बसत नाही. माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर माझ्या हातून अशा खुणांसकट पान लाइव्ह गेलं होतं आणि ते आम्हाला क्लायंटने दाखवलं. तेव्हापासून मी कमिट करायच्या आधी फाइलीत सात बाण शोधते.

समोरच्याने तो बदल का केला ते कळत नसेल तर त्याला विचारा. खरंच, अंदाजाने सोडवू नका. आणि अगदीच डोकं फिरलं तर 'गिट मर्ज --अबॉर्ट', सगळं मर्जच्या आधी होतं तसं, चहा पिऊन परत या. फक्त मर्ज सुरू करायच्या आधी आपलं सगळं कमिट केलेलं असू द्या, तरच ते खात्रीने पूर्ववत होतं.

८ . काम झालं, आता ब्रँच काढून टाका

गिट स्विच मेन
गिट पुल --एफएफ-ओन्ली
गिट ब्रँच -डी लॉगिन-फॉर्म

ज्या ब्रँचवर उभे आहात ती काढता येत नाही, म्हणून पहिली ओळ. छोट्या डीने गिट आधी बघतं की यातलं काम दुसरीकडे पोचलंय का, नसेल तर नाही म्हणतं. मोठा डी काही बघत नाही.

आता गंमत अशी की बटणाने मर्ज करताना 'स्क्वॉश' निवडलं असेल तर तुमचे पाच कमिट मिळून एक नवाच कमिट मेनवर जातो, तुमचे डबे काही मेनला जोडले जात नाहीत, म्हणून काम पोचलेलं असूनही छोटा डी 'नॉट फुली मर्ज्ड' म्हणू शकतो. तेव्हा मोठा डी वापरायचा, पण मेनवर आपला बदल डोळ्यांनी बघून.

हे फक्त तुमच्या मशीनवरचं झालं. सर्व्हरवरची काढायची तर 'गिट पुश ओरिजिन --डिलीट लॉगिन-फॉर्म', आणि इतरांनी काढलेल्यांची भुतं तुमच्या यादीत दिसत असतील तर 'गिट फेच --प्रून'. कुठल्या काढण्यासारख्या आहेत ते 'गिट ब्रँच --मर्ज्ड' सांगतं, त्या यादीत मेन पण असते हं, डोळे झाकून सगळी यादी उडवू नका.

९ . नको ती ब्रँच उडवली तर

मावसभावाने हेच केलं होतं, दोन सारख्या नावांच्या ब्रँचेस, छोटा डी ऐकेना म्हणून मोठा मारला, आणि चुकीचीवर मारला.

आधी त्याच टर्मिनलमधे वर स्क्रोल करा. ब्रँच उडवताना गिट 'डिलीटेड ब्रँच' म्हणतं आणि पुढे कंसात 'वॉज' आणि सातेक अक्षरांचा कोड देतं. चिठ्ठी काढली, पण ती कुठल्या डब्यावर होती ते सांगून गेलं. मग फक्त:

गिट ब्रँच लॉगिन-फॉर्म तो-कोड

टर्मिनल बंद करून टाकलं असेल, जसं त्याने केलं होतं, तर 'गिट रिफ्लॉग'. तुम्ही कुठून कुठे गेलात, कधी काय कमिट केलं याची ती रोजनिशी असते, सगळ्यात नवीन वर. त्यात तुमच्या शेवटच्या कमिटचा मेसेज शोधा, ओळीच्या सुरुवातीला कोड असतो, तो घेऊन वरचीच कमांड. अशा बेवारस कमिटच्या नोंदी गिट साधारण ३० दिवस ठेवतं, बाकीच्या ९०, तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर. त्याचे सगळे कमिट मेसेज 'चेंजेस', 'चेंजेस २', 'फायनल', 'फायनल फायनल' असे होते त्यामुळे दहा मिनिटं लागली, नाहीतर दोन मिनिटांचं काम.

रिफ्लॉग फक्त त्या एका मशीनवरच्या त्या एका फोल्डरमधे असतो, सर्व्हरवर जात नाही आणि नवीन क्लोनमधे (सर्व्हरवरून उतरवलेल्या प्रतीत) येत नाही. तो फोनवर म्हणत होता, "ताई, मी फोल्डरच डिलीट करून परत क्लोन करू का?" तर ते तेवढं करू नका.